मूठ हातात घेऊन बघा: घडीच्या भारी चाकूंबद्दल आमच्या गिऱ्हाइकांसाठी

भारी, म्हणजे किमती, चाकू घ्यायला आलेला माणूस आधी पातं बघतो. स्टील कुठलं, धार किती टिकते, गंज चढतो का, हे विचारून होतं. मग दहा वेळा उघडझाप. मुठीचा नंबर शेवटी, आणि तिचीही परीक्षा डोळ्यांनीच. रंग आवडला की झालं. यातलेच काही जण महिन्याभराने दुकानात येतात नि म्हणतात, "चाकू एक नंबर आहे, पण हाताला लागतंय की ओ." पात्याची तक्रार घेऊन येणारे फार थोडे. म्हणून हे पत्रक मुठीपुरतंच लिहिलं आहे.

पकड आणि आराम या दोन गोष्टींची बहुतेकांकडून गल्लत होते. पकड पृष्ठभागावर ठरते: खरखरीत आहे का, घामाने बुळबुळीत होतो का, तेलकट हातात फिरतो का. आराम ठरतो आकारावर: मूठ किती जाड, कडा मारल्या आहेत की तशाच सोडल्यात, खिशाला अडकवायची क्लिप तळहाताच्या कुठल्या भागावर येते. दोन्हींचा संबंध मात्र आहे. मूठ निसटत असेल तर आपण नकळत ती जास्त आवळतो, आणि आवळलेला हात लवकर दमतो. उलट, फार खरखरीत मूठ दुकानात दोन मिनिटं धरून छान वाटते, पण ऊस सोलायला बसलात की अर्ध्या तासात बोटाची कातडी लाल होते. दुकानातल्या पहिल्या दोन मिनिटांवर आमचा स्वतःचाही भरवसा नाही.

जी-१०

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारी मूठ हीच. काचतंतूंचं कापड थरावर थर रचायचं, त्यात इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं रेझिन, मुरवायचं आणि उष्णता व दाब देऊन पाटी करायची. इलेक्ट्रॉनिक सर्किट ज्या हिरव्या पाट्यांवर बसवतात, त्यांचा हा भाऊबंद. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाणी पीत नाही, उन्हाने वाकत नाही, रॉकेल-डिझेल लागलं तरी काही होत नाही. स्पायडरको कंपनीचा पॅरा मिलिटरी टू हा चाकू याच मुठीसाठी ओळखला जातो.

पण जी-१० म्हणजे एकच पोत नव्हे. मशीनवर खोल खाचा पाडलेला जी-१० कानशीसारखा लागतो, आणि घासून गुळगुळीत केलेला ओल्या हातात साबणाच्या वडीसारखा सरकतो. दोन्हींच्या खोक्यावर नाव तेच. तेव्हा नाव वाचून घेऊ नका, अंगठा फिरवून बघा. आमच्या मते मधला पोत सगळ्यात सोयीचा. बारीक वाळूसारखा लागतो, पण कातडी सोलत नाही.

जी-१० चा दुसरा त्रास हाताला नसतो, पँटला असतो. क्लिपखालचा खरखरीत भाग दर वेळी खिशाच्या कडेवर घासतो. चार महिन्यांत कापडाचे दोरे बाहेर येतात आणि बोलणी आम्हाला बसतात. यावर उपाय सोपा आहे: क्लिप काढायची आणि तेवढाच पट्टा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, तोही पाणी लावून. कोरडा घासू नका, ती काचेची धूळ छातीत जाते. आमच्याकडून घेतलेल्या चाकूचं हे काम आम्ही पैसे न घेता करून देतो.

मिकार्टा

आमच्या दुकानातल्या थोरल्यांच्या खिशात मिकार्टा असतो, त्यामुळे इथे थोडा पक्षपात होणार, समजून घ्या. हेही थराथरांचंच, पण आत काचेऐवजी सुती कापड, लिनन किंवा कागद, आणि मुरवलेलं रेझिन फिनॉलिक. नाव अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीचं, १९१० च्या सुमाराचं. तेव्हा विजेच्या यंत्रांत इन्सुलेशनसाठी हे वापरत. चाकूंकडे ते नंतर आलं.

मिकार्ट्याची गंमत पाण्यात कळते. पॉलिश न केलेल्या मिकार्ट्याच्या वरच्या थरात कापडाचे तंतू उघडे असतात. ओल लागली की ते किंचित फुगतात आणि मूठ हाताला धरते. कोरड्या हातात जी मूठ साधी, जरा निसरडीच वाटते, तीच पावसात घट्ट बसते. कणकुंबी-जांबोटीकडची गिऱ्हाइकं आली की आम्ही त्यांच्यापुढे आधी मिकार्टाच ठेवतो. त्या भागात जून ते सप्टेंबर कोरडा हात म्हणजे नवलच. जाड कॅनव्हासचा पोत ठळक असतो, लिननचा बारीक, कागदाचा जवळजवळ गुळगुळीत. पावसात काम असेल तर कॅनव्हासच घ्या.

पण तो डाग धरतो. तळहाताचा घाम, तेल, हळद सगळं आत मुरतं. रायबाग-चिकोडीकडचे हळदीचे शेतकरी हा चाकू वापरतात. त्यांच्या मुठी वर्षभरात अशा काही रंगतात की मूळ हिरवा होता हे सांगावं लागतं. निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या पानांचा काळा चिकटा हाताला बसतो, तोही मुठीत उतरतो. कोमट पाणी, कपड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश, एवढ्यावर चिकटपणा जातो. रंग जात नाही. काहींना हाच रंग आवडतो. ज्यांना चाकू नव्यासारखाच दिसायला हवा, त्यांनी मिकार्ट्याच्या वाटेला जाऊ नये.

टायटॅनियम

किमतीत सगळ्यांच्या वर हा, आणि निराशाही याच्याच बाबतीत जास्त ऐकतो, कारण लोक फार अपेक्षा ठेवून घेतात. मुठीला बहुधा ग्रेड ५ वापरतात: टायटॅनियमच्या जोडीला ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त, गंज नाही. चाकू बनवणारे ख्रिस रीव यांच्या सेबेंझा या चाकूपासून भारी चाकूला टायटॅनियमची मूठ हवीच असा समज पसरला. सेबेंझा म्हणजे झुलू भाषेत 'काम'. रीव मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नंतर अमेरिकेत आयडाहोत स्थायिक झाले.

सँडब्लास्ट केलेलं, म्हणजे वाळूचा मारा दिलेलं, टायटॅनियम हाताला मऊ लागतं, बारीक पिठावरून बोट फिरवल्यासारखं. कोरड्या हाताला सुखाचं. घामेजलेल्या हाताला फारसा आधार देत नाही, तेलकट हाताला तर नाहीच. म्हणून काही कारखाने त्यावर खाचा किंवा खळगे कोरतात. बहुतेक टायटॅनियम मुठींच्या कडा मात्र इतक्या निगुतीने गोल केलेल्या असतात की आरामात त्या खरखरीत जी-१० ला मागे टाकतात. निळा-जांभळा रंग म्हणाल तर तो लावलेला नसतो. विजेच्या दाबाने वर ऑक्साइडचा थर वाढवतात, थराची जाडी बदलते तसा रंग दिसतो. खिशातल्या किल्ल्यांनी तो घासून जातो, आणि ती तक्रार आम्ही घेत नाही.

'नवा चाकू अडतोय' म्हणून जे चाकू परत येतात, त्यातले निम्मे अडत नसतात. बऱ्याच टायटॅनियम मुठींत फ्रेम लॉक नावाचा खटका असतो, त्यात मुठीचीच एक पट्टी वाकून पात्याला आत आणि बाहेर धरते. उघडताना बोटं त्या पट्टीवर दाबून धरली तर पातं सुटणार कसं? पट्टीवरून बोटं उचला, बाजूंनी धरा, पातं सटकन उघडेल. उघडल्यावर तीच बोटं पट्टीवर टेकतात तेव्हा खटका उलट आणखी पक्का होतो. डावखुऱ्यांनी हे आमच्यासमोरच करून बघावं, कारण बहुतेक फ्रेम लॉक उजव्या हातासाठीच बनलेले असतात.

बाकीच्या मुठी

ॲल्युमिनियम हलकं, स्वच्छ, दिसायला देखणं. पण ते टायटॅनियमच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. डिसेंबरच्या पहाटे रानात ते बर्फासारखं लागतं आणि गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तर चटका देतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या अलॉक्स मुठी याच धातूच्या. त्यांवरचा नक्षीसारखा उठाव नुसत्या शोभेसाठी नाही, पकडीसाठीही आहे. त्याच कंपनीच्या लाल चकचकीत प्लास्टिकच्या मुठी सेलिडॉरच्या. त्यांना नेलपॉलिश काढायचं द्रव्य लावू नका, पृष्ठभाग विरघळतो.

कार्बन फायबर दाखवायला छान, वजनाला नाहीच्या बरोबर, आणि चकचकीत पॉलिश केलेला असला तर पकडीला कच्चा. कचेरीत पाकिटं फोडणाऱ्यांसाठी उत्तम.

काचतंतू मिसळलेल्या नायलॉनला लोक 'प्लास्टिक' म्हणून नाकं मुरडतात. आम्हाला हे पटत नाही. साच्यातच पोत येत असल्याने तो हवा तसा देता येतो. स्पायडरकोच्या डेलिका-एंड्युरा चाकूंच्या मुठीवर दाणे मधून बाहेरच्या दिशेने पसरलेले असतात, त्यामुळे हात पुढे किंवा मागे, दोन्हीकडे सरकताना अडतो. बेंचमेड कंपनीचा बगआउट हा चाकूही अशाच मुठीचा, अख्खा चाकू जेमतेम ५२ ग्रॅम. हातात घेतल्यावर पोकळ वाटतो खरा, पण घाट चढताना कुणाला वजन हवंय?

लाकूड हाताला सगळ्यात जवळचं, हे कबूल. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल चाकू १८९० पासून बीच लाकडाच्या साध्या गोल मुठीवर चालला आहे आणि तिच्यापेक्षा आरामशीर आकार आम्ही अजून पाहिलेला नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं घट्ट बसतं. तिकडचे लोक मुठीचं बूड टेबलावर आपटून पातं सैल करतात, तुम्हीही तेच करा. रेझिन मुरवलेलं लाकूड कमी फुगतं, पण मग ते लाकडासारखं लागतही नाही.

सांबरशिंगाच्या मुठीसाठी महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतं. आमच्याकडे ती मिळणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याचा व्यापार गुन्हा आहे. शिंग रानात गळून पडलेलं असलं तरी.

दुकानात आल्यावर काय करायचं

काउंटरवर पाण्याचा तांब्या, गोडेतेलाची बाटली, काथ्याचा दोर आणि बटाटे ठेवलेले असतात. लाजू नका. चाकू आधी कोरड्या हाताने धरा, मग ओल्या, मग तेलाच्या. त्यानंतर दोर वीस वेळा कापा, नेहमीच्या जोराने. मूठ सोडून तळहात बघा. ठिपक्यासारखा लाल वळ उठला असेल तर तिथे क्लिप किंवा कड टोचते आहे. क्लिप बऱ्याच चाकूंना दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या टोकाला बसते, ती बदलून पुन्हा वीस वेळा कापा. वळ तसाच राहिला तर तो चाकू तुमचा नाही, किंमत कितीही असो.

चार बोटं मुठीत पुरी मावली पाहिजेत. करंगळी लोंबकळत असेल तर जोर लावताना मनगट फिरतं. पातळ मूठ खिशात बरी, पण फणस फोडायला बसलात तर जाडच हवी. अंगठ्याखाली पात्याच्या पाठीवर दाते असतात, ते बोथट असतील तर कामाचे, धारदार असतील तर अंगठ्याला घट्टा पडतो. ते आम्ही कानशीने मारून देतो.

फणसाचा विषय निघाला म्हणून: चीक मुठीच्या खाचांत बसला तर पाणी लावू नका. आधी गोडेतेल चोळा, पुसा, मग साबण. बिजागरीत मात्र खोबरेल घालू नका. थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

कायद्याचं

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेली हत्यारं परवान्याखाली येतात. आमच्याकडचा कुठलाच घडीचा चाकू ४ इंचांच्या वर नाही, आणि बटण दाबल्यावर उडून उघडणारे चाकू आम्ही ठेवत नाही. तरी मिरवणुकीत, सभेत, यात्रेच्या गर्दीत चाकू नेऊ नका. सांबऱ्याहून विमानाने निघालात तर हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका. अठरा वर्षांखालच्या मुलांना आम्ही विकत नाही, वडिलांना घेऊन आला तर वडिलांना विकतो.

घेतल्यापासून आठ दिवसांत मूठ हाताला सोसली नाही तर चाकू बदलून मिळेल. धार वापरलेली चालेल, मूठ घासलेली किंवा कोरलेली नको. येताना बिल आणि खोकं आणा. जुना चाकू असेल तर तोही आणा. त्याची मूठ कुठे झिजली आहे ते पाहिलं की तुम्ही चाकू कसा धरता हे आम्हाला लगेच कळतं.