महसीरची पिल्लं सोडायची कुठे?

इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास करून, विंध्याचा चढ चढून ते आपल्या घरी पोचतं. याच नदीत महसीर हा मासा राहतो. काठावरचे लोक त्याला बाडस म्हणतात. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा ठरवलं. मान मिळाला, पण ज्या वाहत्या पाण्यावर तो जगतो, ते मात्र बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशा एकेका धरणामागे साचत गेलं.

धरणाच्या जलाशयात महसीर मोठा होतो, पण अंडी घालायला त्याला खळखळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि गोटे-वाळूचा स्वच्छ तळ लागतो. पावसाळ्यात तो उपनद्यांत चढतो तो त्यासाठीच. वाटेत बांध असला किंवा तळाची वाळू उपसलेली असली, की ते वर्ष वाया जातं.

मग मत्स्यबीज केंद्रात पैदास करायची, हा सरळ उपाय वाटतो. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते आहे. आपल्याकडे बडवाहच्या वनविभागानेही नर्मदेच्या महसीरवर हे काम केलं. काम मोठं नाजूक असतं. मादी पिकली की तिच्या पोटावरून अलगद बोटं फिरवतात आणि सोनेरी अंडी कोरड्या भांड्यात उतरवून घेतात. त्यांवर नराचं शुक्रद्रव्य घालून पिसाने ढवळतात आणि मगच पाणी घालतात. पुढे ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पातळ थरात पसरायची. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते. म्हणून मेलेली अंडी एकेक करून वेचावी लागतात. रोहूची पिल्लं एका दिवसाच्या आत बाहेर येतात, महसीरला तीन-चार दिवस लागतात. त्यानंतरही कित्येक दिवस ती कोपऱ्यात डोकं खुपसून, उजेड टाळत पडून राहतात. शिवाय रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, तर महसीरची फक्त काही हजार. हे सगळं पाहिलं, की यातल्या प्रत्येक बोटुकलीची, म्हणजे बोटभर पिल्लाची, किंमत कळते.

म्हणूनच ती कुठे सोडायची हा प्रश्न मला पैदाशीहून मोठा वाटतो. कावेरीत काय झालं ते पाहा. लोणावळ्यात वाढवलेला दख्खनी महसीर तिथे सोडला गेला आणि तो चांगला फोफावला. तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महसीर मात्र झपाट्याने घटला. या कुबड्या महसीरचं नेमकं शास्त्रीय नाव ठरायलाच २०१८ साल उजाडलं. तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. सोडणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीला चालेलच असं नाही.

नर्मदेच्या बाबतीत तर आणखी सांभाळायला हवं. आपल्या महसीरला जे शास्त्रीय नाव आहे, ते हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये उत्तर बंगालकडच्या महानंदा नदीतल्या माशाला दिलं होतं. इतक्या दूरच्या दोन नद्यांतला मासा खरोखर एकच आहे का, हे जनुकांच्या तपासणीतूनच ठरेल. तोवर नर्मदेत फक्त नर्मदेच्याच नर-मादीची पिल्लं सोडावीत, असं माझं ठाम मत आहे. आणि नर-मादीच्या जोड्याही भरपूर हव्यात, नाहीतर सगळी नदी दोन-चार आयांच्या लेकरांनी भरायची.

इंदूरकरांना सर्वांत जवळची जागा म्हणजे चोरल. सहलीला आपण सगळेच तिथे जातो. ही नदी विंध्यातून उतरून बडवाहजवळ नर्मदेला मिळते, म्हणजे महसीरला वर चढायला हवी तशीच उपनदी. इथे पाऊस ओसरल्यावर उथळ पाण्यात त्या वर्षीची बोटभर पिल्लं सापडतात का, हे दरवर्षी पाहायला हवं. सापडली तर प्रत्येकीच्या पराचा इवलासा तुकडा काढून घ्यायचा आणि तिला परत सोडायचं. केंद्रातल्या नर-माद्यांचे नमुने आधीच जपून ठेवलेले असले, तर हे पिल्लू केंद्रात जन्मलं की नदीत, हे त्या तुकड्यातल्या जनुकांवरून सांगता येतं. नदीत जन्मलेली पिल्लं वर्षागणिक वाढत गेली, तर केंद्राचं काम हळूहळू कमी करता येईल. एकही सापडलं नाही, तर आणखी बोटुकल्या सोडण्याआधी वाळूचा उपसा आणि वाटेतले बांध यांकडे वळावं लागेल.