कास पठारावरील छायाचित्रण सहल : सहभागी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

श्रावण सरत आला की आमच्या साताऱ्यातील स्टुडिओत एकच प्रश्न रोज विचारला जातो : "फुलांचा गालिचा नक्की कधी दिसेल?" या प्रश्नाला आम्ही तारीख देत नाही. कासची फुले पाऊस आणि ऊन यांच्या पाळीवर उमलतात. आठवडाभर संततधार राहिली तर कळ्या मिटून बसतात आणि दोन दिवस उघडीप मिळाली की तेच माळरान ओळखू येत नाही. आमच्या सहली ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघतात आणि एका वेळी आठच जणांना घेतले जाते. पूर्ण बहराची हमी आम्ही कोणालाही देत नाही. मात्र ज्या दिवशी आपण याल त्या दिवशी पठारावर जे उमलले असेल, ते नीट पाहायला आणि टिपायला शिकूनच आपण परताल, याची काळजी आम्ही घेतो.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की, समुद्रसपाटीपासून जवळपास १२०० मीटर उंचीवर हे पठार लागते. खाली काळा कातळ, त्यावर जांभा आणि जांभ्यावर जेमतेम काही बोटे माती, अशी इथली रचना आहे. एवढ्याशा मातीत मोठे झाड मूळ धरू शकत नाही. म्हणूनच चार महिन्यांत रुजून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या लहान वनस्पतींनी हा कातळ आपला केला आहे. एप्रिलमध्ये इथे आलात तर उघडा, रखरखीत खडक दिसेल. याच पठारावर साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतली चार महाराष्ट्रातली आहेत : कोयना, चांदोली, राधानगरी आणि आपले कास.

मातीचा हा पातळ थर छायाचित्रकाराने सतत ध्यानात ठेवला पाहिजे. समोरचे चांगले दृश्य टिपण्यासाठी वाटेबाहेर टाकलेले एक पाऊल म्हणजे, ज्या झाडांना यंदा बी धरायचे आहे अशी दहा-वीस झाडे चिरडणे. त्यामुळे सहलीत आखलेल्या पायवाटेवरूनच छायाचित्रे घेतली जातात, ट्रायपॉडचे पाय फुलांत रोवू दिले जात नाहीत आणि फुलांच्या मध्ये बसून स्वतःचे छायाचित्र काढून घेण्याची विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो. पठाराची देखरेख आसपासच्या गावांतील मंडळींची समिती वन विभागाच्या सोबतीने करते. प्रवेशशुल्क तिच्याकडेच जमा होते आणि वाटेवर उभ्या असलेल्या स्वयंसेवकांची सूचना सर्वांनी पाळायची असते. हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने आगाऊ नोंदणी आम्हीच करून ठेवतो.

आता प्रत्यक्ष फुलांविषयी. दुरून जो जांभळा पट्टा दिसतो तो बहुधा सीतेच्या आसवांचा असतो, पांढरे ठिपके गेंदाचे आणि पिवळा रंग सोनकीचा किंवा कवल्याचा. गुलाबी छटा तेरड्याची. हे रंग एकमेकांत मिसळले म्हणजे लोक ज्याला गालिचा म्हणतात तो तयार होतो. परंतु आमच्या अनुभवात, घरी गेल्यावर भिंतीवर लावावेसे वाटते ते छायाचित्र गालिच्याचे क्वचितच असते. सीतेच्या आसवांचे एक फूल करंगळीच्या नखाएवढे असते. वाटेच्या कडेला गुडघे टेकून त्याच्या पातळीवर या. नाजूक देठावर डोलणारा जांभळा झगा आणि त्याच्या मधला पांढरट ठिपका तेव्हाच दिसतो. या सुंदर रोपाच्या देठाखाली, चिखलात, सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढले जातात. पावसाने कातळावरची पोषकद्रव्ये धुऊन नेलेली असल्याने रोपाने आपले पोट भरण्याची ही वेगळी सोय करून घेतली आहे.

तीच गोष्ट दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपाची. पानांवरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि सकाळचे दव वाळून गेले तरी ते उन्हात चमकत राहतात. थेंबावर फोकस नेमका बसला तर त्यात मागचे आकाश आणि गवत उलटे उमटलेले दिसते. एखादी माशी चिकटलेली असेल तर घाई करू नका, कारण तिच्याकडे केस वळण्याची क्रिया फार सावकाश चालते आणि काही वेळाने पुन्हा त्याच पानाकडे येऊन घेतलेले दुसरे छायाचित्र पहिल्याइतकेच बोलके ठरते. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते. तिच्या बहराचे वर्ष असेल तर आम्ही नोंदणीच्या वेळीच कळवतो.

प्रकाशाबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. ढगाळ दिवस वाया गेला असे समजू नका. ढग आड आले की पाकळ्यांवरची कडक सावली जाते आणि रंग खुलतो. पाकळ्या आणि ओली पाने चकाकत असतील तर पोलरायझर फिल्टर हळूहळू फिरवून पाहा. जांभळा रंग कॅमेऱ्यात निळसर उमटतो, ही इथली नेहमीची तक्रार आहे; व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल ठरवणारी सोय) आपोआपवर न ठेवता 'ढगाळ' यावर स्थिर करा आणि शक्य असल्यास रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. पठारावर वारा सतत असतो, म्हणून लहान फुलांसाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी बिनदिक्कत वाढवा. मॅक्रो लेन्स असेल तर एफ/८ ते एफ/११ या दरम्यान ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) ठेवल्यास फूल पुरेसे स्पष्ट येते. मोबाइलवर छायाचित्रे घेणाऱ्यांनी गेंदासारख्या पांढऱ्या फुलावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा, अन्यथा पांढऱ्यातले बारकावे पुसले जातात.

धुक्याविषयी एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. सुरुवातीच्या एका सहलीत वातानुकूलित गाडीतून उतरताच सर्वांच्या लेन्सवर वाफ धरली आणि पहाटेचा सर्वांत चांगला अर्धा तास पुसण्यात गेला. तेव्हापासून घाट संपण्याआधीच आम्ही गाडीतील वातानुकूलन बंद करून काचा उघडतो आणि कॅमेरे पिशवीतून बाहेर काढून ठेवायला सांगतो. लेन्स पुसण्यासाठी दोन सुती कापडे, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या आणि कॅमेऱ्यावर टाकायला एक साधी प्लॅस्टिकची पिशवी एवढे सामान पुरते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. धुके उतरले म्हणून सहल रद्द होत नाही, कारण दहा फुटांपलीकडचे काही दिसत नसताना वाटेकाठची पांढरी हबेनारिया ही ऑर्किड, दात घासायच्या ब्रशसारखी एका बाजूला ओळीने फुललेली, जितकी उठून दिसते तितकी उन्हात दिसत नाही.

शेवटी एक विनंती. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतीचे छायाचित्र आपण समाजमाध्यमांवर टाकाल तेव्हा 'कास परिसर' एवढेच लिहावे आणि मोबाइलमधील स्थाननोंद बंद ठेवावी. या वनस्पतींचे कंद उकरून नेले जातात आणि नेमके ठिकाण जाहीर झाले की त्यांना वाचवणे अवघड होते. सहलीनंतर आठवडाभरात आपण निवडलेली दहा छायाचित्रे घेऊन स्टुडिओत यावे. फुलांची नावे ओळखून देणे आणि रंग तपासून एक छापील प्रत काढून देणे हे सहलीच्या शुल्कातच समाविष्ट आहे.