एक फ्रेम कॉम्प्युटरमधून कशी जाते: व्हिडिओच्या कामासाठी मशीन निवडताना

१९९१ मध्ये ‘मल्टिमीडिया पीसी’ या शब्दाला ठरलेला अर्थ होता. १६ मेगाहर्ट्‌झचा ३८६ एसएक्स प्रोसेसर, २ एमबी रॅम, ३० एमबीची हार्ड डिस्क, साउंड कार्ड आणि सेकंदाला १५० केबी वाचणारा सीडी ड्राइव्ह एवढं किमान असेल, तरच मशीनवर तो शिक्का बसायचा. त्या यादीतला अडथळा सीडी ड्राइव्ह होता. सेकंदाला १५० केबीच मिळणार, म्हणून त्या काळचा व्हिडिओ पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात दिसायचा. प्रोसेसर थोडा भारी घेतला तरी तो चौकोन फारसा मोठा झाला नसता.

आज असा शिक्का नाही. दुकानदाराच्या कोटेशनवर ‘आय७, १६ जीबी, १ टीबी’ असं लिहिलेलं असतं आणि आकडे मोठे दिसले की गिऱ्हाईक खूश होतं. घरी आल्यावर लग्नाचं फोर-के फुटेज एडिटिंगच्या टाइमलाइनवर (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर) टाकलं की तेच मशीन अडखळतं. तेव्हा कोटेशन हातात घेण्याआधी एक हिशेब कागदावर मांडावा.

फोर-केची एक फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट धरले तर एक फ्रेम साधारण २५ एमबीची होते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सुमारे ६२२ एमबी. आता कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाइल पाहा. १०० मेगाबिट दराने रेकॉर्ड केलेलं फुटेज सेकंदाला फक्त १२.५ एमबी घेतं, तासाला ४५ जीबी. म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते कार्डावर जवळजवळ ५० पट दाबून ठेवलेलं असतं.

या दोन आकड्यांत बरंचसं उत्तर आहे. डिस्कला सेकंदाला १२.५ एमबीच द्यायचे आहेत, आणि हे काम सेकंदाला १५० एमबी वाचणारी साधी हार्ड डिस्कसुद्धा आरामात करते. खरं ओझं ते १२.५ एमबी उलगडून ६२२ एमबी करणाऱ्यावर पडतं. टाइमलाइन अडखळते म्हणून महागडी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) बसवणारे पुष्कळ आहेत. पैसे जातात आणि अडखळणं तसंच राहतं, कारण अडथळा दुसरीकडेच असतो.

फाइल दाबण्याची पद्धत कळली की हे आणखी स्पष्ट होतं. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या नेहमीच्या पद्धती. त्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि तिच्यापुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते: नवरीचा हात हलला, मागचा मांडव तसाच आहे. सिनेमा सलग बघताना याचा त्रास होत नाही. एडिटिंग करताना मात्र आपण मध्येच कुठेतरी क्लिक करतो. मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून एकेक बदल लावत आपल्या जागेपर्यंत यावं लागतं. उलटं चालवलं तर हाल आणखी वाढतात.

हे उलगडण्यासाठी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात किंवा ग्राफिक्स कार्डावर वेगळी सर्किटं असतात. इंटेलने २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून ‘क्विक सिंक’ नावाने ती दिली. इथे कोटेशनमधलं एक अक्षर नीट वाचावं. इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्सचा भाग नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण व्हिडिओसाठी ती बचत बहुधा महागात पडते. एएमडीचं उलटं आहे. रायझन ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स मिळतात. ७००० पासून बहुतेकांत छोटा ग्राफिक्स भाग आलेला आहे, ‘एफ’वाले सोडून.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या) एच.२६५ मध्ये शूट करत असाल तर आणखी जपून. हे फुटेज बरीच चांगली ग्राफिक्स कार्डंही आपल्या सर्किटवर उलगडू शकत नाहीत. इंटेलचा ११व्या पिढीपासूनचा ग्राफिक्स भाग ते करतो. म्हणून अशा कामाला मोठं कार्ड घेतलं तरी प्रोसेसर ‘एफ’ नसलेला घ्यावा.

उलगडण्याचं काम कोण करतंय हे डोळ्यांनी बघता येतं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्सच्या भागावर) जा आणि व्हिडिओ चालू करा. ‘व्हिडिओ डीकोड’ची रेघ वर गेली तर सर्किट कामाला लागलं आहे. ती शून्यावर आडवी आणि सीपीयू ९०–१०० टक्क्यांवर असेल, तर सगळं ओझं प्रोसेसर एकटा वाहतोय. अशा वेळी आधी सॉफ्टवेअरची सेटिंग तपासा, कारण काही सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ही सोय बंद असते. तरीही भागलं नाही तर प्रॉक्सी बनवा. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती करून त्यांच्यावर एडिटिंग करायचं आणि शेवटी रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, मूळ फाइलवरून. पाच-सहा वर्षं जुन्या मशीनवरही या वाटेने फोर-के पार पडतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

रॅमचा हिशेबही त्याच २५ एमबीवरून करता येतो. उलगडलेल्या फ्रेम रॅममध्ये थांबतात. दहा सेकंदांच्या फ्रेम जशाच्या तशा ठेवल्या तर ६ जीबीच्या वर जातात. त्यात विंडोज, ब्राउझर आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरा. फुल एचडीसाठी १६ जीबी, फोर-केसाठी ३२ जीबी हा हिशेब त्यामुळे अवाजवी नाही. ८ जीबीत मशीन रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलत आणि परत आणत बसतं, आणि माऊससुद्धा चिकटल्यासारखा होतो.

रॅम एकाच काडीत घेऊ नये. डीडीआर४ ३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबीपर्यंत देते, दोन काड्या दोन चॅनेलवर (रॅम ते प्रोसेसर अशा दोन वाटांवर) ५१.२ पर्यंत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सचा भागही हीच रॅम वापरतो, तिथे फरक जास्त जाणवतो. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन काड्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर बसतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघून घ्या. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू केली नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरही चालत राहते. खरा वेग टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दिसतो. आणि डीडीआर४ व डीडीआर५ ची खाच वेगळी असते, एकाची काडी दुसऱ्यात बसत नाही. लॅपटॉप घेताना रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे का, हे आधी विचारावं, नंतर वाढवता येत नाही.

मग एसएसडी कशाला? विंडोज, सॉफ्टवेअर आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल) यांना. हजारो छोट्या फाइल इथून-तिथून वाचायच्या असतात, आणि मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायलाच ८.३ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारा हात सरकवायचा. सेकंदाला शंभर-एक ठिकाणं गाठता गाठता तिची दमछाक होते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. एम.२ हा फक्त आकार आहे हे लक्षात ठेवा. त्या आकारात साटा हा जुन्या जोडणीचा प्रकार सेकंदाला साधारण ५५० एमबीला अडतो, एनव्हीएमई हा नव्या जोडणीचा प्रकार ३५०० आणि त्यापुढे जातो. फार स्वस्त एसएसडी सुरुवातीला वेगात लिहितात आणि आतली कॅशे भरली की हार्ड डिस्कइतक्या मंद होतात. १०० जीबीचं फुटेज ओतताना हे लगेच कळतं.

लग्नाचं दोन कॅमेऱ्यांचं मिळून दहा तासांचं फुटेज म्हणजे ४५० जीबी. सगळं एसएसडीवर ठेवायची गरज नाही. १ टीबी एनव्हीएमई चालू कामाला, ४ टीबी हार्ड डिस्क साठवणीला, आणि तेवढीच दुसरी हार्ड डिस्क कपाटात, बॅकअपला. ती तिसरी कोटेशनमध्ये कधीच नसते. पाहुण्यांनी एकदाच दिलेले आशीर्वाद पुन्हा शूट होत नाहीत, म्हणून ती हवीच. कार्ड रीडरही यूएसबी ३ चा घ्या. यूएसबी २ वरून ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला अर्धा तास जातो, यूएसबी ३ वर चांगलं कार्ड बारा-तेरा मिनिटांत होतं.

ग्राफिक्स कार्डाची गरज कलर ग्रेडिंग (रंग सुधारणं), नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) काढणं आणि इफेक्ट्सना लागते. फोर-केला ८ जीबी मेमरी असावी. नुसतं कापणं-जोडणं असेल तर सुरुवातीला कार्ड नसलं तरी चालतं. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. मदरबोर्डाला लावली तर पडदा चालतो आणि कार्ड बऱ्याचदा रिकामं बसतं. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) आणि एसआरजीबी, म्हणजे रंगांचा ठरलेला पट्टा, पूर्ण दाखवणारा हवा, नाहीतर शालूचा रंग तुमच्याकडे वेगळा आणि गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर वेगळा दिसेल.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बहुतेक वेळा कॅबिनेटबरोबर फुकट दिला जातो. तो नाकारावा. रेंडर म्हणजे तासभर सलग पूर्ण भार, ऑफिसच्या कामात असं होत नाही. ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याच्या) शिक्क्याचा ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस मध्यम कार्डासह पुरतो. यूपीएसवरचा व्हीए आणि वॅट यांत घोळ होतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. १२५ वॅटचा प्रोसेसर, २०० वॅटचं कार्ड आणि वर मॉनिटर धरला की तो तुटपुंजा. लाइट जाताच रेंडर चालू असलेलं मशीन त्याच क्षणी बंद पडतं.

उन्हाळाही हिशेबात घ्या. खोली २५ अंशांवरून ४५ वर गेली की पंखे तेवढेच फिरत असताना प्रोसेसरचं तापमानही साधारण वीस अंशांनी वर सरकतं. शंभरीजवळ पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे नेहमीचं आहे. पुढून हवा घेणारं जाळीचं कॅबिनेट आणि प्रोसेसरवर जरा मोठा कूलर यांवरचा खर्च तिथे प्रोसेसर एक पायरी वर घेण्यापेक्षा उपयोगी पडतो.

पैसे देण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्याचं दहा मिनिटांचं फुटेज पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. तिथेच टाइमलाइनवर टाका, मागे-पुढे करा, मग अर्धा तास रेंडर लावा आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवा. रॅमचा वेग, दोन खाचा भरल्या आहेत की नाही, व्हिडिओ डीकोडची रेघ आणि प्रोसेसरचे गिगाहर्ट्‌झ शेवटपर्यंत टिकतात की दहाव्या मिनिटाला घसरतात, हे सगळं तिथेच दिसतं.