इराकमध्ये भारतीय फौज: २००३ च्या नकारामागे काय होते?

परदेशात फौज पाठवायचा विषय निघाला की १४ जुलै २००३ चा दाखला हटकून दिला जातो. त्या वर्षी इराकवर हल्ला करून ताबा घेतलेल्या अमेरिकेला तिथे भारताची एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे साधारण १७ हजार जवान हवे होते, तेही कुर्दबहुल उत्तर भागात. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने त्या दिवशी नकार दिला. हा नकार तत्त्वाचा होता असे तेव्हापासून सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

इराकची माती मराठी जवानांना अनोळखी नव्हती. पहिल्या महायुद्धात तुर्कांनी इराकमधल्या कुत शहराला घातलेल्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या आणि एप्रिल १९१६ मधल्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. पण तो हुकूम ब्रिटिशांचा होता. २००३ मध्ये दिल्लीत धास्ती होती ती श्रीलंकेच्या अनुभवाची. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना तिथे गेली ती तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घ्यायला. ऑक्टोबरात त्याच बंडखोरांशी जाफन्यात तिची लढाई जुंपली. एका डिव्हिजनच्या चार डिव्हिजन झाल्या, ११०० हून अधिक जवान कामी आले आणि ज्यांच्या देशासाठी हे चालले होते, तिथल्या नव्या अध्यक्षांनीच फौज हलवा म्हणून तगादा लावला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. मालदीवमधला उठाव मोडायची १९८८ ची मोहीम झटपट फत्ते झाली, पण वादात तिचे नाव कोणी काढत नाही.

इराकच्या बाबतीत सरकारातच दोन तट होते. अमेरिकेशी जवळीक वाढवायची ही संधी दवडू नये, असे काही ज्येष्ठ मंत्र्यांना वाटत होते. पंतप्रधान वाजपेयी मात्र नेहमीप्रमाणे बोलले कमी आणि वेळ काढत राहिले. जूनमध्ये अमेरिकी अधिकारी दिल्लीत येऊन शंकांना उत्तरे देऊन गेले: भारतीय जवान कोणाच्या हाताखाली असतील, खर्च कोण करणार, किती काळ राहायचे. समाधान झाले नाही. युद्धाविरोधात लोकसभेने एप्रिलमध्येच एकमताने ठराव केला होता, विरोधातल्या काँग्रेसच्या अध्यक्षांनी पत्र पाठवून ठाम विरोध कळवला होता आणि वर्षअखेरीस राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, दिल्लीच्या निवडणुका होत्या. गावात तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या येऊ लागल्या असत्या, तर प्रचाराला कोणत्या तोंडाने जायचे?

जाहीर निवेदनात यातले काही नव्हते. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करता येईल, एवढेच त्यात म्हटले होते. सोबत जॉर्डनच्या साथीने नजफमध्ये रुग्णालय उभारण्याची तयारी दाखवली होती. इराकमध्ये मदतीचे आवाहन करणारा सुरक्षा परिषदेचा मे महिन्यातला ठराव या अटीला पुरा पडत नाही, असा त्याचा अर्थ. वॉशिंग्टनला न दुखावता नाही म्हणायची ही पद्धत होती, असे माझे मत आहे. कारण १६ ऑक्टोबरला परिषदेने १५११ क्रमांकाच्या ठरावाने अमेरिकी नेतृत्वाखालच्या बहुराष्ट्रीय फौजेला मान्यता दिली, तरी भारतातून एकही तुकडी गेली नाही. दरम्यान ऑगस्टमध्ये बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावरच बॉम्बहल्ला झाला होता. संयुक्त राष्ट्रांचा झेंडाही तिथे सुरक्षित नव्हता, त्यामुळे अटीचे महत्त्व तेव्हाच सरले होते. उरला होता तो देशांतर्गत सहमतीचा अभाव.

वर्षभरात सत्तांतर होऊन काँग्रेसप्रणित सरकार आले. जून २००४ मध्ये नव्या परराष्ट्रमंत्र्यांनी वॉशिंग्टनमध्ये फेरविचाराचा नुसता सूर लावला, तर इथे गदारोळ उठला आणि सरकारला खुलासा करावा लागला. फेरविचाराला आता त्यांचाच पक्ष आणि बाहेरून पाठिंबा देणारे डावे तयार नव्हते.

पुढे अफगाणिस्तानच्या वेळी अट घालण्याचीही गरज भासली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी तिथली फौज वाढवण्याचे सूतोवाच करताना भारताकडून अधिक मदतीची अपेक्षा बोलून दाखवली. पुढच्याच महिन्यात अमेरिकी संरक्षणमंत्री दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहून भारताच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगून टाकले: धरणे, रस्ते, रुग्णालये, प्रशिक्षण चालू राहील, भारतीय सैनिक मात्र अफगाण भूमीवर जाणार नाहीत.