ब्रेड मशीन, खपली गहू आणि पहिली दहा मिनिटे

घरी ब्रेड मशीन आले त्याच आठवड्यात मी त्यात खपली गव्हाचे पीठ घातले. गहू बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडच्या नातेवाइकांनी पाठवलेला होता, गिरणीत बारीक दळून आणलेला होता, आणि पुस्तिकेत मैद्यासाठी दिलेले प्रमाण मी ग्रॅमभरही बदलले नव्हते. साडेतीन तासांनी झाकण उघडले, तेव्हा भांड्याच्या तळाशी जेमतेम चार बोटे उंचीची, मधोमध खचलेली आणि खालच्या बाजूला ओलसर राहिलेली एक वीट होती. मशीन बिघडलेले नव्हते. त्याने मळणे, फुगवणे आणि भाजणे ही तिन्ही कामे ठरलेल्या वेळी चोख केली होती. चूक होती ती पिठाच्या निवडीत आणि पाण्याच्या मापात, आणि या दोन गोष्टी ओळखण्याची सोय बहुतेक घरगुती मशीनांत नसते.

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पीठ भिजवून मळले की ती एकमेकांत गुंफली जातात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. ग्लायडिनमुळे कणीक न तुटता पसरते, तर ग्लुटेनिनमुळे ती ताण धरते आणि ओढून सोडली की मागे येते. बेळगावचे मांडे करताना ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना यातला पहिला गुण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. चांगली तिंबलेली कणीक हातावर पसरत पसरत पातळ होत जाते आणि उपड्या तापलेल्या खापरावर टाकेपर्यंत कुठे फाटत नाही, ती या जाळीमुळेच. ब्रेडला मात्र दुसरा गुणही तितकाच लागतो. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड हजारो बारीक पोकळ्यांत कोंडून धरायचा आणि भाजून कडक होईपर्यंत त्या पोकळ्यांच्या भिंती उभ्या ठेवायच्या, हे ताण धरणाऱ्या जाळीचे काम आहे.

खपली नेमकी येथे कमी पडते. पोळीच्या आणि ब्रेडच्या नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच मिळून ४२ गुणसूत्रे असतात, तर खपली आणि बन्सी (रव्या-शेवयांचा कठीण गहू) या गव्हांत दोनच संचांची २८ असतात. कणकेला बळकटी देणारी ग्लुटेनिने ज्या तिसऱ्या संचामुळे मिळतात, तो संच खपलीत मुळातच नाही. त्यामुळे प्रथिने भरपूर असूनही तिची जाळी दुबळी राहते. हा गव्हाचा दोष म्हणता येणार नाही. उत्तर कर्नाटकात खपली पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे, धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके १०२५ आणि डीडीके १०२९ यांसारखे तिचे सुधारित वाण दिले आहेत, आणि गव्हाच्या खिरीला, म्हणजे सीमाभागात जिला हुग्गीही म्हणतात तिला, खपलीसारखा दुसरा गहू नाही. फुगलेल्या ब्रेडसाठी मात्र ती एकटी पुरत नाही.

हीच जाळी यंत्राकडून कशी विणून घ्यायची, हा प्रश्न मशीन बनवणाऱ्यांनाही पडला होता. जपानच्या मात्सुशिता कंपनीचे, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकचे अभियंते १९८५ च्या सुमारास घरगुती मशीन घडवत होते, पण ब्रेड वरून करपत असे आणि आतून कच्चा राहत असे. तेव्हा त्यांच्यातल्या इकुको तानाका या ओसाकातील एका हॉटेलच्या नामवंत बेकरकडे मळणी शिकण्यासाठी गेल्या. तो बेकर कणीक नुसती दाबत नाही, ओढता ओढता तिला पीळही देतो, हे त्यांच्या लक्षात आले. हाताची ती हालचाल यंत्रात उतरवण्यासाठी भांड्याच्या आतल्या भिंतींना उभ्या कडा दिल्या गेल्या. पाते फिरले की कणीक त्या कडांना अडते, ताणली जाते आणि पिळली जाते. १९८७ मध्ये हे मशीन बाजारात आले. आज कोणतेही मशीन घेताना भांड्याच्या आत हात घालून या कडा आणि पात्याचा आकार जरूर पाहावा, कारण पडद्यावर लिहिलेल्या कार्यक्रमांच्या संख्येपेक्षा हे दोन भाग ब्रेडचा पोत अधिक ठरवतात.

मशीनची रचना तशी साधी असते. खाली मोटर, मध्ये पाते बसवलेले भांडे, भांड्याभोवती तापणारी तार, तापमान मोजणारा संवेदक आणि या सगळ्यांना वेळापत्रकाने चालवणारी छोटी चिप. नेहमीच्या कार्यक्रमात आधी मळणी, मग थोडी विश्रांती, पुन्हा मळणी, दोन किंवा तीन टप्प्यांत फुगवणे आणि शेवटी पाऊण ते एक तास भाजणे होते. फुगवताना आतली हवा ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली जाते, कारण त्या उबेत यीस्ट जोमाने काम करते. भाजणी सुरू झाल्यावर ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरते, पुढे स्टार्च पाणी शोषून घट्ट होतो, ग्लुटेन कडक होते, आणि बाहेरचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की शर्करा आणि अमिनो आम्लांच्या अभिक्रियेतून तो खरपूस रंग आणि वास येतो. हे सगळे घड्याळानुसार घडते. पीठ अजून फुगले नाही म्हणून मशीन थांबत नाही, आणि जास्त फुगून वर आले म्हणून भाजणी लवकरही सुरू करत नाही.

म्हणूनच मळणी सुरू झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटे माणसाने मशीनजवळ उभे राहावे, असे माझे ठाम मत आहे. या वेळी झाकण उघडण्याने काहीही बिघडत नाही. गोळा एकसंध झालेला, भिंतीला चिकटून लगेच सुटणारा आणि बोटाला किंचितच चिकट लागणारा हवा. तो भांड्यात आदळून थपथप आवाज करत असेल आणि त्यावर भेगा दिसत असतील तर चमचा चमचा पाणी घालावे, आणि तळाशी चिखलासारखा पसरत असेल तर चमचा चमचा पीठ. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात सासूबाईंनी चालत्या मशीनकडे पाहिले, मी बंद केल्यावर गोळ्यावर बोट दाबले आणि म्हणाल्या, “अगं, ही पुरीची कणीक झाली, हिला अजून पाणी हवंय.” त्यांनी आयुष्यभर परातीत कमावलेली ही पारख मशीनपाशीही तंतोतंत उपयोगी पडते.

पाण्याचा अंदाज पिठावर अवलंबून असतो. मैद्याला वजनाच्या ६० ते ६५ टक्के पाणी पुरते. गिरणीच्या पिठाला ७० ते ७५ टक्के, कधी त्याहूनही अधिक लागते, कारण त्यातला कोंडा पाणी पितो आणि जात्याच्या घर्षणाने फुटलेले स्टार्चचे कणही पाणी जास्त शोषतात. शिवाय कोंड्याच्या धारदार कडा ग्लुटेनची जाळी कापतात, म्हणून नुसत्या गिरणीच्या पिठाचा ब्रेड बसका होतो. मी धरते ते प्रमाण असे: ४०० ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, २० ग्रॅम तेल किंवा लोणी आणि ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. वाटीने मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आधी घ्यावा, कारण दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीत पुष्कळ फरक पडतो. मीठ वगळू नये. ते यीस्टला आवर घालते आणि जाळी घट्ट करते.

आपल्या बेळगाव भागातली हवाही या हिशेबात धरावी लागते. आषाढात खानापूरच्या बाजूला पीठ डब्यातही ओलावा धरते, त्यामुळे दोन-तीन चमचे पाणी कमी पुरते, तर त्याच पिठाला उन्हाळ्यात अथणी-रायबागकडे ते पूर्ण पाणी लागते. मशीन आतली हवा गरम करू शकते, थंड करू शकत नाही, हे विसरू नये. एप्रिल-मेमध्ये मळणीच्या घर्षणाने कणीक आणखी तापते, यीस्ट वेळेआधीच जोर करते, आणि वर आलेला माथा भाजताना खचतो. अशा दिवसांत माठातले किंवा फ्रिजमधले गार पाणी वापरावे आणि यीस्ट पाव भागाने कमी करावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब थोडा कमी असल्याने वायू थोडा अधिक प्रसरण पावतो, हेही यीस्ट कमी घालण्याच्याच बाजूचे कारण आहे.

खरेदी करताना मी सर्वांत आधी वीज गेल्यावर काय होते ते विचारीन. काही मशीने दहा-पंधरा मिनिटांपर्यंत आपली जागा लक्षात ठेवतात आणि वीज आली की तेथूनच पुढे चालतात. काही मात्र सगळे विसरतात, आणि फुगत आलेली कणीक पुन्हा पहिल्यापासून मळली जाते. पावसाळ्यात वारंवार वीज जाते अशा गावात या एका सोयीसाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्यच ठरेल. अमेरिकेतून कोणी आणलेले मशीन असेल तर मागची पट्टी वाचावी. ते ११०-१२० व्होल्टचे असते आणि आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर जळते. चौघांच्या घराला ७५० ग्रॅमच्या आसपासचे माप पुरते. नुसती कणीक मळून देणारा कार्यक्रम आणि वेळ स्वतः ठरवता येण्याची सोय असावी. पाते आणि भांडे सुटे मिळते का, हे दुकानात विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण आधी झिजतात ते हेच भाग. रात्री साहित्य भरून पहाटे ब्रेड मिळावा म्हणून असलेली सोय वापरताना दूध आणि अंडे टाळावे, कारण ते तासन्‌तास उबदार राहून नासतात. पाणी तळाशी, त्यावर पीठ आणि पिठाच्या खळग्यात कोरडे यीस्ट, असा क्रम ठेवला म्हणजे यीस्ट आधीच जागे होत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, याचे माझे उत्तर म्हणजे त्यात काय घातले आहे हे आपल्याला ठाऊक असते. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तपासलेल्या पाव-ब्रेडच्या नमुन्यांपैकी बहुतेकांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट या, कणीक बळकट करण्यासाठी पिठात मिसळल्या जाणाऱ्या रसायनांचे अंश सापडले, आणि त्याच वर्षी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटची परवानगी काढून घेतली. मात्र घरच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारे परिरक्षकही नसते. पावसाळ्यात तो दोन दिवसांत संपवावा. फ्रिजमध्ये ठेवल्यास स्टार्च पुन्हा स्फटिकरूप होऊन तो उलट लवकर शिळा आणि कोरडा होतो. उरलेल्या ब्रेडचे काप करून ते थेट फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तेवढे तव्यावर गरम करावेत.

खपलीचा डबा मी बाजूला ठेवलेला नाही. आता ३०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम खपली घालते, पाणी दोन-तीन चमचे वाढवते आणि दहा मिनिटे गोळ्याकडे पाहत उभी राहते. ब्रेडची वडी नुसत्या मैद्याच्या वडीइतकी उंच होत नाही, पण माथा खचत नाही. भांड्यातून काढून जाळीवर तासभर निवू दिली, म्हणजे आतला स्टार्च घट्ट होतो आणि सुरीला चिकटत नाही. मग कापताना तिचा तांबूस रंग आणि भाजलेल्या गव्हाचा तो गोडसर वास येतो, जो नुसत्या मैद्याला कधीच येत नाही.