दिनचर्येतील बाल-व्यायामोपचार

हालचालींचा दोष असलेल्या मुलाला फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम वेगळा तास काढून न उरकता अंघोळ, कपडे, जेवण, खेळ आणि घरकाम यांत गुंफण्याची पद्धत. तिचा वापर मुख्यतः सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडणे) असलेल्या मुलांसाठी होतो. स्नायू ताणला जावा, बळकट व्हावा हा एक हेतू. त्याच प्रसंगी मुलाने मोजावे, निवडावे, मागावे हा दुसरा. मराठी घरांत या व्यायामांना नुसते ‘थेरपी’ म्हणतात आणि ती मुलाकडून ‘करून घेतली’ जाते. खरी अडचण या शब्दांतच दिसते: राबतात आईचे हात, मूल चटईवर पडून असते.

उपचार आणि शिक्षण वेगळे करू नये, हा विचार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो (१८९३–१९६७) यांनी अशा मुलांना गटात बसवून, आकडे मोजत आणि हालचाल तोंडाने बोलत शिकवण्याची पद्धत रुजवली. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये खास पालकांसाठी पुस्तक लिहिले. मुलाला उचलणे, भरवणे, न्हाऊ घालणे हेच त्याचे विषय होते. संशोधक आयोना नोवाक व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यात ठरावीक कामाचे ध्येय ठेवून केलेला सराव आणि घरी करायचा कार्यक्रम परिणामकारक ठरले. नुसते हाताने स्नायू ताणणे त्यात मागे पडले.

जमिनीवर वावरणारे घर या पद्धतीला फार सोयीचे असते. उकिडवे बसून भाजी निवडताना पोटरीचा आतला स्नायू ताणला जातो, मात्र टाच टेकलेली हवी. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्यावरूनही जातो, म्हणून गुडघा वाकला की तो सैल पडतो. त्याच्यासाठी गुडघा सरळ आणि टाचा टेकवून ओट्याशी उभे राहणे बरे. मांडीची मागची शीर आखडलेल्या मुलाला पाय पसरून बसवले की पाठीला पोक येतो. बुडाखाली पाट सरकवला तर कंबर पुढे कलते आणि हात खेळायला मोकळे होतात. एका बाजूचा हात-पाय कमजोर असेल, तर लाटणे हे उत्तम साधन आहे: ते दोन्ही हातांनीच धरावे लागते, कोपर सरळ होते, आणि वाकडी का होईना, पोळी मुलाच्या ताटात पडते. मटार सोलणेही तसेच. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. जिन्यावर थेरपिस्टच्या सल्ल्याने कमजोर पाय आधी वर ठेवला की मांडीला काम मिळते आणि पायऱ्या मोजल्या जातात. लगोरी रचण्यात वाकणे, तोल सावरणे, लहान-मोठे ओळखणे आणि हरणे, सगळेच येते.

मात्र काम आणि व्यायाम नुसते एकत्र आणून शिकणे घडत नाही. मुलाला त्या कामाचा शेवट हवासा वाटला पाहिजे. डबा जरा उंच ठेवला आणि त्यात चिवडा असला, तर हात आपोआप वर जातो. रिकाम्या हवेत दहा वेळा हात वर करायला कोणाला आवडेल? दुसरी गरज थांबण्याची. मोठ्यांनी मदतीला धावण्याआधी मनात काही आकडे मोजावेत, मग गरजेपुरताच हात लावावा. सकाळी शाळेची रिक्षा दारात उभी असताना हे जमत नाही, म्हणून रविवारची अंघोळ किंवा संध्याकाळचे जेवण निवडणे शहाणपणाचे.

मुलाच्या हालचालींच्या क्षमतेची पाच श्रेणींची वर्गवारी १९९७ मध्ये कॅनडात तयार झाली. पाचव्या, म्हणजे सर्वांत कमी हालचालीच्या श्रेणीतील मूल उकिडवे बसणार नाही. त्याचा व्यायाम म्हणजे आधाराने बसून मान सावरत दोन सदऱ्यांपैकी एकाकडे पाहणे. तेही शिकणेच. दुखत असेल, खुब्याचा सांधा सरकण्याची शक्यता असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर घरच्या घरी काही बदलू नये. स्प्लिंटही (हात-पाय सरळ ठेवणारी आधारपट्टी) कामांच्या नावाखाली सुटता कामा नये. आणि दिवसाचा प्रत्येक क्षण उपचाराचा केला, तर मुलाला आई उरत नाही, दुसरी थेरपिस्ट मिळते. मांडीवर नुसते लोळण्याची वेळ वगळलेलीच असावी.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाने (आताची ‘अडॅप्ट’) शिक्षण आणि उपचार एका छताखाली आणले. मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत फिजिओथेरपीचा सल्ला मिळतो. तेथे जाताना घरातली मोरी, जिना आणि मुलाची बसण्याची जागा मोबाइलवर टिपून नेली, तर व्यायाम त्या घराच्या मापाने बेतता येतात.