‘र’ची चार रूपं आणि सहा मुलांचा वर्ग

टेबलावर एक लाकडी ट्रे, त्यात बारीक रेती पसरलेली. बाई म्हणतात, ‘सूर्य.’ मुलगा शब्द ऐकतो, टेबलावर एकेक बोट टेकवत तो फोडतो: सू, र्, य. मग तर्जनीने रेतीत ‘सू’ काढतो, ‘य’ काढतो आणि थांबतो. ‘र’ राहिलाच. बोलताना तो ‘य’च्या आधी येतो, लिहिताना मात्र ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. बाई घाई करत नाहीत, उत्तरही सांगत नाहीत. पुन्हा शब्द म्हणतात, पुन्हा बोटं टेकतात. तिसऱ्या वेळेस रफार जागेवर येतो. वर्गात सहा मुलं आहेत आणि गेला आठवडाभर तिथे फक्त रफार चालू आहे.

हा मुलगा माझा भाचा. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेतला त्याचा तो तिसरा महिना. आधीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा असायचा, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ पहिलीत कुणाला शंकाही आली नाही, कारण बाराखडी तो चालीवर घडाघडा म्हणायचा. धडेही पाठ असायचे. पान उघडलं की चित्र पाहून बरोबर तो धडा म्हणून दाखवायचा, बोट ओळीवरून फिरायचं आणि सगळ्यांना वाटायचं, वाचतोय. तिसरीत धडे लांबले, चित्रं कमी झाली आणि एक दिवस उभं राहून मोठ्याने वाचताना सगळा वर्ग हसला. त्यानंतर दर सोमवारी त्याच्या पोटात दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला, डिस्लेक्सिया. मानसशास्त्रज्ञ बाईंनी विशेष शाळा सुचवली तेव्हा घरात पहिल्यांदा आजी बोलली, ‘पोराला काय मतिमंद ठरवताय?’ आजीची चूक नाही. आपल्याकडे ‘विशेष शाळा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचीच शाळा येते. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अध्ययन अक्षमतेत बुद्धी शाबूत असते. वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादं कौशल्य मात्र, शिकवूनही, वयाच्या मानाने फार मागे राहतं. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, लेखनातल्या डिस्ग्राफिया, गणितातल्या डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन अडचणी असणंही नेहमीचंच. निरनिराळ्या भाषा आणि देशांतल्या शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण 5 ते 15 टक्के धरलं जातं, म्हणजे 40 मुलांच्या वर्गात निदान दोन.

हे कोडं जुनं आहे. 1896 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने 14 वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात कुणाच्या मागे नाही, सात वर्षांचा असल्यापासून शिकवण्या चालू, आणि तरी स्वतःचं ‘पर्सी’ हे नावदेखील अक्षरं उलटसुलट करून लिहायचा. त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गनने नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गनने याला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटलं. दोष शब्द पाहण्यात आहे, असा त्याचा कयास होता, आणि पुढची काही दशकं डॉक्टर त्याच दिशेने शोधत राहिले. आजही पालक आधी चष्म्याचा नंबर तपासून आणतात. तपासावाच. पण बहुतेक मुलांची अडचण डोळ्यांत नसते, आवाजात असते.

म्हणजे काय? बोलणं माणसाच्या मेंदूत रुजून आलेलं आहे. मूल भाषा ऐकता ऐकता शिकतं, त्यासाठी वर्ग लागत नाही. लिपी मात्र अवघी पाचेक हजार वर्षांची. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळा अवयव तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाला जुन्या जागांना नवं काम लावावं लागतं. मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागच्या, खालच्या बाजूला चेहरे आणि वस्तू ओळखणारा पट्टा आहे. त्यातला एक छोटा भाग वाचायला शिकल्यावर अक्षरं ओळखू लागतो. स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. हा भाग भाषेच्या, म्हणजे आवाजाच्या केंद्रांशी जोडला गेला की वाचन सुरू होतं.

डिस्लेक्सियात हीच जोडणी कच्ची राहते. शब्द म्हणजे सुट्या ध्वनींची माळ आहे, हे मुलाच्या कानाला नीट जाणवत नाही. ‘पाटी’तला ‘प’ काढून ‘व’ घातला तर काय होईल, असं विचारलं की इतर मुलं क्षणात ‘वाटी’ म्हणतात. माझा भाचा आठव्या वर्षी या प्रश्नाला नुसता बघत राहायचा. ध्वनीच सुटा होत नसेल तर अक्षर कशाला चिकटवायचं? आणि याचा बुद्ध्यंकाशी संबंध नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचनात मागे पडणाऱ्या मुलांचे मेंदू एमआरआयने पाहिले, तेव्हा बुद्ध्यंक जास्त असो की कमी, ध्वनीच्या कामात कमी पडणारे भाग तेच निघाले.

इंग्रजीपेक्षा मराठीतली मुलं सुटतात, असं काहींना वाटतं, कारण आपण लिहितो तसं बोलतो. हे अर्धंच खरं आहे. 2001 साली सायन्स नियतकालिकात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना प्रसिद्ध झाली. इटालियनचं लेखन मराठीसारखंच उच्चाराला धरून. तिथले डिस्लेक्सिया असलेले वाचक इंग्रजी वाचकांपेक्षा कमी चुका करत होते, पण मेंदूतला उणा पडणारा भाग तिन्ही भाषांत एकच होता. नियमित लिपीत अडचण चुकांपेक्षा संथपणात दिसते. म्हणूनच मराठी माध्यमातली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं ‘वाचतो हो, पण हळू’ या शेऱ्याखाली लपून राहतात.

शिवाय देवनागरीचे स्वतःचे पेच आहेत. ‘कि’ म्हणताना इकार नंतर येतो, पण लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी. उकार खाली, मात्रा वर. आणि ‘र’! सूर्यात तो डोक्यावर रफार होतो, चक्रात खाली तिरपी रेघ, राष्ट्रात ‘ट’खाली छोटीशी छत्री, दऱ्यांमध्ये ‘य’च्या आधी पापणी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या, फरक एवढ्याशा खुणेचा. आपल्याला हे कधी जाणवत नाही, कारण आपला मेंदू केव्हाच सरावला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी वाचणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा नेहमीच्या डाव्या भागांबरोबर उजव्या गोलार्धातले भागही कामाला लागलेले दिसले. वर-खाली, मागे-पुढे पसरलेली चिन्हं सांभाळायला मेंदूला हे जादा काम करावं लागत असावं. याच केंद्राने 2015 मध्ये भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाची ‘डाली’ ही चाचणी आणली, तिच्यात मराठीही आहे. इंग्रजी चाचणीवरून मराठी मुलाची पारख करणं अन्यायाचंच होतं.

आता मूळ प्रश्न. वेगळी शाळा कशासाठी? नेहमीच्या शाळेत जादा तास घेतले तर चालणार नाही का? पुष्कळ मुलांना चालतं, आणि चालत असेल तर तेच करावं, हे मी मनापासून सांगते. पण एक हिशेब पाहा. 2018 मध्ये सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 12 वर्षांच्या, वाचनात अडखळणाऱ्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज चार तास, एका वेळी एकाच मुलाला घेऊन वाचन शिकवलं. एकूण 160 तास. मधूनमधून एमआरआय करून मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याचं, म्हणजे एका भागातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यांचं मोजमाप घेतलं. त्या जुडग्यांत काही आठवड्यांतच बदल दिसू लागले आणि मुलांचं वाचन सुधारलं.

आता आपल्याकडे चांगल्या म्हणवणाऱ्या शाळेतही रेमेडियल म्हणून काय मिळतं? आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तोही पीटीचा किंवा चित्रकलेचा तास बुडवून. म्हणजे आठवड्याला एक तास. 40 आठवड्यांचं शालेय वर्ष धरलं तर 160 तास व्हायला चार वर्षं लागतील. मुलगा तिसरीतून सातवीत जाईल आणि दरम्यान इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं पुस्तकातूनच यायचं, तेही हातचं जाईल. वाचता येत नाही म्हणून वाचत नाही, वाचत नाही म्हणून शब्दसंग्रह वाढत नाही, आणि अंतर दर वर्षी रुंदावतं. विशेष शाळेचं खरं मोल या मात्रेत आहे. औषध तेच, पण रोज आणि पुरेसं.

भाच्याच्या शाळेत सकाळचा पहिला तास वाचनाचा. पाठ्यपुस्तक नाहीच. आधी काना-मात्रा नसलेले शब्द, ते न अडखळता येईपर्यंत पुढे जायचं नाही. मग काना, मग वेलांट्या, मग उकार. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, आणि तीही एका वेळी एका घराण्याची. प्रत्येक अक्षर ऐकायचं, म्हणायचं, पाहायचं आणि हाताने गिरवायचं. ही पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांच्या कामातून 1930 च्या दशकात उभी राहिली. रेतीत लिहिल्याने जादू होते असं नाही. माझं मत विचाराल तर खरं काम क्रम करतो: एकही पायरी न गाळता, स्पष्ट सांगून शिकवणं.

दुसरी गोष्ट मी तिथे विज्ञानाच्या तासाला पाहिली. बाई धडा वाचून दाखवतात, मुलं ऐकतात, मग प्रयोग आणि तोंडी उत्तरं. बाष्पीभवनावर भाच्याने विचारले तसे प्रश्न मी कॉलेजमध्येही ऐकले नव्हते. अक्षरं फोडण्यात डोकं गुंतलेलं असलं की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ते ओझं काढून घेतलं की मूल विचार करायला मोकळं होतं.

यात दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणं बरं नाही. अशा शाळा मोजक्या, बहुतेक मोठ्या शहरांत आणि महागड्या. माझ्या बहिणीने त्यासाठी घर बदललं. हे सगळ्यांना कुठून जमणार? जुने मित्र तुटतात. आणि नाव ‘विशेष’ असलं तरी काही ठिकाणी अभ्यासक्रम नुसता सोपा करतात, वाचन शिकवतच नाहीत. तिथे मूल आनंदात राहतं, हसू परत येतं, पण दोन वर्षांनी वाचन होतं तिथेच असतं. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा इमारत नंतर पाहा. रोज वाचन किती वेळ, गटात किती मुलं, शिकवणाऱ्या बाईंचं प्रशिक्षण कशाचं, प्रगती किती दिवसांनी आणि कशाने मोजतात, आणि मूल नेहमीच्या शाळेत कधी परत जाईल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मी दहा वेळा विचार करीन.

कायदा आता पालकांच्या बाजूने आहे. 1995 च्या अपंगत्व कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नावही नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 दिव्यांगत्वांच्या यादीत ती घेतली. निदान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क हा कायदा देतो. महाराष्ट्राने तर त्याच्या वीस वर्षं आधी, 1996 पासूनच दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देणं सुरू केलं होतं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं. या सवलतींना कुणी फुकटचा फायदा म्हणालं की मला राग येतो. जिना चढता न येणाऱ्याला उतार बांधून दिला म्हणजे शर्यतीत पुढे सोडलं असं होत नाही.

भाचा अडीच वर्षं त्या शाळेत होता. गेल्या जूनमध्ये तो नेहमीच्या शाळेत सहावीत गेला. अजून हळूच वाचतो, इंग्रजी स्पेलिंग सुटतात, पेपरला जादा वेळ लागतो. परवा तो माझ्याकडे भूगोलाचा धडा वाचत बसला होता. ‘सह्याद्रीच्या खोल दऱ्या’पाशी आला, क्षणभर थांबला. टेबलाखाली त्याची दोन बोटं मांडीवर टेकली, एक, दोन. मग पुढे वाचू लागला.